जुन्या छताखाली नवी तक्तपोशी

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची नजर दिवसातील बराच वेळ छतावर असते. पत्र्याखाली कधीकाळी ठोकलेल्या बोर्डावर गळतीचे पिवळे डाग उमटले, मध्ये पोट आले, की घरातील कर्ते ठरवतात, आजींच्या खोलीला लाकडी तक्तपोशी करून घेऊ. सातपुड्याच्या सागाचा सहवास लाभलेल्या नंदुरबार जिल्ह्यात, जुन्या घरांचे कडीपाट पाहिलेल्या पिढीला लाकडाचे छत आपलेसे वाटते, यात नवल नाही. जुना बोर्ड न काढता त्याखालीच पट्ट्या ठोकल्या, तर पाडापाडीची धूळ वाचते, हेही खरे. मात्र सुतार येण्यापूर्वी दोन गोष्टींची खात्री हवी: बोर्ड कशाचा आहे आणि भार कोण पेलणार आहे.

पहिली गोष्ट अधिक गंभीर. जुना करडा सिमेंटचा सपाट पत्रा ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही, प्रयोगशाळेतच कळते. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसांत गेले, तर अनेक वर्षांनी फुप्फुसाचे आजार आणि कर्करोग संभवतात. असा पत्रा अखंड असेल तर त्याला करवत, पॉलिश-कागद किंवा ड्रिल लावू नये. अशा खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत स्वतंत्र लाकडी सांगाडा बसवून त्यावर पट्ट्या माराव्यात. पत्र्याला हातच लागत नाही. तुटका, भुगा गळणारा पत्रा मात्र घरच्यांनी काढू नये, ते जाणकाराचे काम.

बोर्ड प्लायचा किंवा जिप्समचा असेल, तरी त्याच्यावर भार टाकता येत नाही. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत 12 मिलिमीटर जाडीच्या सागवानी पट्ट्यांचे वजन 85 ते 90 किलो भरते, आणि त्याखाली वृद्धाची खाट असते. बोर्डावर बोटांनी ठोकत जावे. पोकळ आवाज जिथे भरीव होतो, तिथे वरची कडी असते. स्क्रू बोर्डातून आरपार जाऊन कडीत किमान एक इंच रुतला पाहिजे. प्रथम कड्यांना आडव्या रिपा, मग रिपांना आडव्या पट्ट्या. पंख्याचा हुक मात्र तुळईलाच हवा. रिपांनी छत खाली येते, तेव्हा पाती जमिनीपासून सात फुटांच्या वर राहतात का, हे मोजून घ्यावे. गळती आणि वाळवी आधी निस्तरावी. ओला बोर्ड झाकला की बुरशी आतल्या आत वाढते आणि दमेकऱ्याला त्याचा त्रास होतो.

नंदुरबारचा मे महिना लाकूड कोरडे ठणठणीत करतो, पावसाळ्यात तेच लाकूड फुगते. म्हणून पट्ट्या आठवडाभर त्याच खोलीत ठेवाव्यात आणि भिंतीलगत सुमारे 10 मिलिमीटर फट सोडून ती पट्टीने झाकावी. तक्तपोशीने खोली थंडगार होते, ही समजूत मात्र फारशी खरी नाही. पारा चाळिशीपार गेला की पातळ लाकूड उष्णता कितीशी अडवणार? पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात द्यावा, तो अधिक उपयोगी. समईशेजारी आणि चुलीवर तक्तपोशी करूच नये.

काम चालू असताना वृद्धाला दुसऱ्या खोलीत हलवावे, दाराला ओली चादर लावावी. लाकडाची बारीक धूळही निरुपद्रवी नसते. कापाकापी अंगणातच करावी. स्वस्त प्लाय व दाबीव बोर्डाच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो आणि उन्हाळ्यात तो अधिक सुटतो; 2004 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोगकारक ठरवले. म्हणून शक्य तेथे अस्सल लाकूड वापरावे. पॉलिशनंतर खिडक्या उघड्या ठेवून वास पूर्ण जाईपर्यंत थांबावे, मगच खाट परत आणावी.

एक पट्टी नुसत्या दोन स्क्रूंवर, सहज काढता येईल अशी ठेवायला सुताराला सांगावे. पहिला मोठा पाऊस झाला की ती काढून आत टॉर्च मारावी: ओल, वाळवी, उंदरांच्या लेंड्या, सारे तिथूनच दिसते.