तणसातून इंधन : गोंदियाच्या धानपट्ट्यापुढील नवी संधी

गोंदिया जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत खरिपाचे मुख्य पीक धान हेच होय. मळणीनंतर शेतात तणस उरते व राईस मिलमध्ये तूस. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तुसाचा असतो. शंभर क्विंटल धान भरडले की जवळजवळ वीस क्विंटल तूस निघते. या अवशेषांपासून विमानांचे व जहाजांचे इंधन तयार करता येईल काय, हा आज विचारात घेण्याजोगा प्रश्न आहे.

विमाने व जहाजेच का ?

मोटारी विजेवर चालू शकतात. परंतु लांब पल्ल्याच्या विमानांना व सागरी जहाजांना बॅटऱ्यांचा भार परवडत नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात २०२७ पासून १ टक्का, २०२८ पासून २ टक्के व २०३० पासून ५ टक्के जैवइंधन मिसळण्याचे लक्ष्य भारताने ठरविले आहे. जहाजांचे निव्वळ उत्सर्जन २०५० च्या सुमारास शून्यावर आणण्याचे धोरण आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये स्वीकारले.

प्रक्रिया

तणसातील सेल्युलोज मोकळे करून विकरांच्या साहाय्याने त्याची साखर केली जाते. ती आंबविली की इथेनॉल मिळते व त्यावर पुढील प्रक्रिया करून विमानाचे इंधन बनविता येते. दुसऱ्या पद्धतीत तूस अपुऱ्या हवेत तापवून वायू मिळवितात. त्यापासून जहाजांना उपयुक्त असे मिथेनॉल तयार होऊ शकते.

पानिपत येथील इंडियन ऑइलचा तणसापासून इथेनॉल करणारा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आला. वर्षाला २ लाख टन तणसापासून ३ कोटी लिटर, म्हणजे टनामागे दीडशे लिटर इथेनॉल, अशी त्याची आखणी आहे. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या प्रवासी विमानात स्वदेशी जैवइंधनाचे मिश्रण वापरण्यात आले.

खरोखर टाकाऊ किती ?

तथापि, तणस हा गुरांचा चारा आहे आणि उसना तांदूळ करणाऱ्या मिलच्या बॉयलरमध्ये तूसच जळते. सगळेच अवशेष कारखान्याकडे वळले, तर चारा महागेल व त्याचा फटका प्रथम लहान शेतकऱ्याला बसेल. शिवाय तणस हलके व जागा व्यापणारे असल्याने दूरवरची वाहतूक परवडत नाही. पावसात भिजले तर ते कुजते.

म्हणून पहिले पाऊल गावातच पडावयास हवे. गावातील गुरांची गरज किती, हार्वेस्टरने कापणी झाल्यावर किती शेतांत अवशेष जाळले जातात आणि कोरडी साठवण कोठे करता येईल, याची नोंद ग्रामपंचायतीने ठेवावी. शिक्षकांना या कामी विद्यार्थ्यांचे साहाय्य घेता येईल. चारा व जमिनीचा कस राखून जे उरेल तेच खरे टाकाऊ. त्याला रास्त भाव मिळाला, तरच या उद्योगाचा लाभ धान पिकविणाऱ्याच्या घरी पोहोचेल.