पपई देऊ नका, भोपळा घेऊ नका

हवानाच्या मंडईत पिकलेली पपई दिसली, तरी ‘पपाया’ म्हणून मागू नका. तिथे या शब्दाचा अर्थ चारचौघांत सांगण्यासारखा नाही. फळच हवं असेल तर म्हणायचं ‘फ्रुता बोंबा’, म्हणजे बॉम्बफळ! तीच पपई कोलंबियात गेली की शहाणपण शिकवते. ‘नो दार पपाया’, पपई देऊ नकोस, म्हणजे चोराला आयती संधी देऊ नकोस. बोगोटाच्या गर्दीत मोबाइल मिरवत चाललात, तर दिलीतच पपई.

स्पेनमध्ये देतात भोपळे. मुलीने मुलाला नकार दिला, की तिने त्याला ‘कालाबाथास’ दिले. परीक्षेत नापास केलं तरी भोपळेच. शून्य मार्कांना भोपळा म्हणणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजवायला नको.

स्पॅनिश एकच भाषा आहे, पण गाव बदललं की बसही बदलते. क्युबात आणि कॅनरी बेटांवर बस म्हणजे ‘ग्वाग्वा’. लास पाल्मासच्या शहर बससेवेचं अधिकृत नावच ‘ग्वाग्वास मुनिसिपालेस’ आहे. चिलीत मात्र ग्वाग्वा म्हणजे तान्हं बाळ. शब्द केचुआ भाषेतून आलेला. तेव्हा ‘मी ग्वाग्वात बसून आलो’ हे चिलीत जपून सांगा.

दोस्तांना हाक मारायचीय? माद्रिदची पोरं एकमेकांना ‘तिओ’ म्हणतात, म्हणजे काका. मेक्सिकोत ‘वेई’, मूळ शब्द ‘बुएय’, म्हणजे बैल. आणि बैल म्हटल्याचा राग कुणाला येत नाही! आवडलेल्या गोष्टीला मेक्सिकोवाले ‘के पाद्रे!’ म्हणतात. शब्दशः ‘काय बाप!’ ‘बाप गाणं आहे’ म्हणणाऱ्या मराठी पोरांना मेक्सिकोत दुभाषा लागू नये.

मेक्सिकोचा माझा सगळ्यात लाडका शब्द ‘आओरिता’. ‘आओरा’ म्हणजे आता, त्याचं हे लाडाचं रूप. अर्थ: लगेच, थोड्या वेळाने, संध्याकाळी किंवा कधीच नाही. अंघोळीला जायच्या आधी फोनवर ‘निघालोच’ सांगणारे आपले मित्र जन्माने मेक्सिकनच असावेत.

रात्री जास्त झाली, तर सकाळच्या जड डोक्यालाही देशोदेशी वेगळं नाव. व्हेनेझुएलात ‘रातोन’, म्हणजे उंदीर. मध्य अमेरिकेत ‘गोमा’, डिंक. कोलंबियात ‘ग्वायाबो’, पेरूचं झाड. मेक्सिकोत ‘क्रुदा’, कच्ची. उंदीर सगळ्यात पटतो. डोक्यात कुरतडतोय असंच वाटतं म्हणे.

ब्यूनस आयर्सचा थाटच निराळा. तिथल्या ‘लुनफार्दो’ बोलीत इटलीहून आलेल्या लोकांचे शब्द भरलेत: काम म्हणजे ‘लाबुरो’, मूळ इटालियन ‘लावोरो’. शिवाय शब्द उलटे करायची खोड. कॅफेचं ‘फेका’, टँगोचं ‘गोतान’. आपल्याकडे ‘च’ची भाषा शाळेबरोबर सुटते, तिकडे थोर माणसंही सर्रास फेका पितात.

याच अर्जेंटिनात ऊठसूट ‘चे’ म्हणतात, आपल्या ‘अरे’सारखं. एर्नेस्तो गेव्हारा नावाचा तरुण डॉक्टर ते इतकं म्हणे, की क्युबन मित्रांनी त्याचं नावच ‘चे’ ठेवलं. पुढे तो क्युबाच्या राष्ट्रीय बँकेचा प्रमुख झाला आणि 1960 च्या नोटांवर सहीही त्याने तेवढीच केली: ‘चे’.