वर्गात टॅब आणताय? आधी लॉस एंजेलिसचा धडा वाचा

२०१३ साली लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांनी प्रत्येक विद्यार्थ्याला आयपॅड द्यायचं ठरवलं. शाळांमधल्या वाय-फायसह अंदाजे खर्च होता १.३ अब्ज डॉलर.

मग काय झालं?

🔹 काही आठवड्यांतच हायस्कूलच्या मुलांनी टॅबमधलं प्रोफाइल पुसून शाळेचं फिल्टर ओलांडलं. टॅब घरी नेणं बंद झालं.
🔹 टॅबमधला अभ्यासक्रम अर्धवट होता. शिक्षकांना पुरेसं प्रशिक्षणही नव्हतं.
🔹 ऑनलाइन परीक्षेसाठी कीबोर्ड लागणार, हा खर्च वेगळाच निघाला.
🔹 कंत्राटावर प्रश्न उठले आणि २०१४ मध्ये ते थांबवावं लागलं.

टॅब मात्र वाईट नाही. भूमितीची आकृती बोटाने फिरवून पाहता येते, प्रयोगाचा व्हिडिओ थांबवून पुन्हा बघता येतो, अंध विद्यार्थ्याला मजकूर ऐकता येतो. मुंबई महापालिकेनेही २०१५ मध्ये आठवीच्या मुलांच्या हाती टॅब दिले, तेव्हा दप्तराचं ओझं कमी करणं हा मोठा हेतू होता.

म्हणून क्रम असा हवा: आधी शिक्षकांचं प्रशिक्षण, मग अभ्याससाहित्य, मग नेट आणि दुरुस्तीची सोय. खरेदी सगळ्यात शेवटी!

तुमच्या शाळेत टॅब येणार असतील, तर या तिन्ही गोष्टींची तयारी झाली आहे का, हे पुढच्या पालकसभेत नक्की विचारा.