पिवळा धोतरा: अफूच्या कुळातलं काटेरी रोप

हिवाळा सरू लागला की शेताच्या बांधावर, रुळांच्या कडेला, पडक्या वाड्याच्या मातीत पिवळा धोतरा फुलतो. नावात धोतरा असला, तरी महादेवाला वाहतात त्या धोतऱ्याशी याचं नातं नाही. तो वांगी-मिरचीच्या कुळातला. हा अफूच्या, म्हणजे अहिफेन कुळातला. मूळ मेक्सिकोकडचा. अफूचं रोप परवान्याशिवाय लावता येत नाही, त्यामुळे हे कुळ जवळून पाहायचं तर आपल्या हाताशी हाच आहे.

पान जपून धरा, कडेला काटे असतात. रंग निळसर हिरवा, शिरांवर पांढरे पट्टे. देठ नाही, पानाचा तळच खोडाला बिलगलेला. पान तोडलं की हळदीच्या पाण्यासारखा चीक येतो. चीक ही कुळाची ठळक खूण. अफूचा चीक दुधासारखा पांढरा असतो. तिच्या हिरव्या बोंडाला चिरा देतात आणि पाझरलेला चीक सुकून तपकिरी होतो, तीच अफू.

मला सर्वांत आवडते ती कळी. तिच्यावर तीन संदलं, म्हणजे कळी झाकणारी हिरवी दलं, प्रत्येकाच्या टोकाला एक शिंग. जास्वंदीचा हिरवा पेला फुलाखाली शेवटपर्यंत टिकतो. इथे कळी उमलताना संदलं गळूनच पडतात. म्हणून उमललेल्या फुलाखाली ती शोधून सापडत नाहीत. आत पाकळ्या चुरगळून बसलेल्या असतात, घडी न घालता पिशवीत कोंबलेल्या रेशमी पातळासारख्या. उमलल्यावरही त्यांच्यावर सुरकुत्या दिसतात. मोजून पाहा: संदलं तीन, पाकळ्या सहा. अफूत दोन आणि चार. पाकळ्या संदलांच्या दुप्पट, हा या गटाचा नेहमीचा हिशेब.

मधोमध पिवळ्या केसरांचा दाट झुबका आणि त्यात लालसर किंजल्क, म्हणजे स्त्रीकेसराचं टोक. फुलात मध नाही. मधमाश्या येतात त्या परागासाठी.

कोवळं बोंड आडवं कापलं तर आत एकच पोकळी दिसते. बिया पपईसारख्या भिंतीला चिकटलेल्या. बोंड वाळलं की टोकाशी फाकतं आणि वाऱ्याने हललं की बिया सांडतात. अफूत आणि तिच्या जवळच्या अनेक पॉपींत बोंडाच्या टोपीखाली बारीक भोकं पडतात आणि बी मीठदाणीतल्या मिठासारखं उडतं.

अनारशावरची खसखस म्हणजे अफूचंच बी. दाणा भिंगाखाली मूत्रपिंडाच्या आकाराचा, अंगावर जाळी असलेला दिसतो. पिवळ्या धोतऱ्याचं बी मात्र गोल, काळं, थेट मोहरीसारखं, आणि घात तिथेच होतो. त्याच्या तेलात सँग्विनारीन हे विष असतं. मोहरीच्या तेलात ते मिसळलं की पाय सुजतात, दम लागतो, हृदय थकतं. १९९८ मध्ये दिल्लीत अशा भेसळीने साठहून अधिक माणसं दगावली. दोन्ही बिया भिंगाखाली शेजारी ठेवा: मोहरी त्या मानाने नितळ, धोतऱ्याच्या बीवर खोल, खरखरीत जाळी.