छोट्या मोटारीचे जतन : फियाट ११०० आणि किनाऱ्यावरील खारी हवा

जुन्या वास्तूचा जीर्णोद्धार करताना तिचे मूळपण कशात आहे, हे आधी ठरवावे लागते. जुन्या मोटारगाडीच्या बाबतीतही हाच प्रश्न उद्भवतो, आणि डहाणू-तलासरीच्या परिसरात तो विशेष तीव्र होतो. डहाणू समुद्रकाठी, तर तलासरी किनाऱ्यापासून आत, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वसलेले आहे. किनाऱ्यापासून अंतर वाढेल तसे हवेतील क्षाराचे प्रमाण घटते. त्यामुळे एकाच घडणीच्या दोन गाड्या या दोन गावी सारख्याच वेगाने झिजतील असे नाही.

या भागात जतनाचा विचार करावयाचा तर प्रथम डोळ्यांपुढे येते ती मुंबईत कुर्ला येथे तयार होणारी फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने आरंभी मोठ्या अमेरिकन गाड्यांची जुळणी केली व १९५४ पासून फियाट ११०० हाती घेतली. इटलीत हा नमुना १९५३ साली अवतरला होता. परंतु त्याच्या १०८९ घन सेंटिमीटर इंजिनाची परंपरा १९३७ पर्यंत मागे जाते. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली आणि १९७४ च्या सुमारास तीच गाडी ‘पद्मिनी’ झाली. २००० च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत मूळ रचना फारशी बदलली नाही. परवाने व आयातबंदी यांनी बंदिस्त केलेल्या बाजारपेठेचा हा परिणाम होय. मात्र त्याच स्थैर्यामुळे सुटे भाग एकमेकांस जुळत राहिले आणि दुरुस्तीचे ज्ञान गावोगावच्या मिस्त्रींपर्यंत पोहोचले. मुंबईतील पद्मिनी टॅक्सींचे पर्व वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ रोजी संपले. आता या इतिहासाचा प्रत्यक्ष पुरावा म्हणजे खाजगी मालकांनी जपलेल्या गाड्याच होत.

या गाडीला स्वतंत्र सांगाडा नाही. तळाचा पत्रा, दारांखालील पोकळ पेट्या व खांब मिळूनच भार वाहतात. म्हणून येथे गंज हा केवळ रूपाचा दोष राहत नाही, तो बळाचा दोष ठरतो. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून ठिकठिकाणी वेल्डिंगने जोडलेले असतात. त्यांमधील फटीत ओलावा शिरतो. त्यात विरघळलेले मीठ विद्युत्‌रासायनिक क्रियेस वेग देते, आणि बाहेरचा रंग शाबूत असतानाच पत्रा आतून पोखरला जातो.

यास्तव दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम दारांच्या फटींची मापे घेऊन नोंदवावीत. नंतर देहाला खालून आधार द्यावा व दारांच्या चौकटीत आडवे दांडे बसवावेत. अन्यथा पेटी कापताच गाडी मध्यभागी खचते आणि दारे पुन्हा बसत नाहीत. निरोगी धातू लागेपर्यंतच पत्रा कापावा, त्याच जाडीचा तुकडा जोडावा, जस्तयुक्त अस्तर द्यावे आणि पोकळीत मेणासारखे गंजरोधक सोडावे. गंजावर नुसती लांबी भरून रंग देणे म्हणजे रोग झाकणे होय.

येथे कायद्याचाही संबंध येतो. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली व मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. तिच्या सांगाड्यात, देहात वा इंजिनात भरीव फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. १९६४ ची डिलाइट वयाच्या दृष्टीने या व्याख्येत बसते. परंतु जिचा देह हाच सांगाडा, तिचा कुजलेला भाग बदलणे अपरिहार्य असते. दुरुस्ती कोठे संपते आणि फेरबदल कोठे सुरू होतो, ही सीमा त्यामुळे कारागिराच्या हातात येते.

यातून एक तत्त्व निष्पन्न होते : बळासाठी आवश्यक तेवढेच बदलावे, आणि जे बदलले त्याची छायाचित्रांसह नोंद ठेवावी. नव्यासारखी चकाकणारी परंतु नोंद नसलेली गाडी अभ्यासकाच्या दृष्टीने मुकी असते. उलट, कोठे ठिगळ लावले हे सांगणारी गाडी कुर्ल्याच्या कारखान्याचा आणि किनाऱ्यावरील हवेचा, असा दोहोंचा इतिहास सांगू शकते.