रवि वर्मांचं नव्हे, हळदणकरांचं!

एका हातात दिवा, ज्योत विझू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांच्या फटींतून झिरपणारा उजेड आणि त्यात उजळलेला चेहरा. हे चित्र आपण कॅलेंडरवर, फ्रेममध्ये कुठे ना कुठे पाहिलेलं असतंच. चित्रकार कोण? ‘राजा रवि वर्मा,’ असं चटकन सांगून बरेच जण मोकळे होतात. पण रवि वर्मा १९०६ मध्ये गेले आणि हे चित्र आहे १९४५-४६चं!

चित्रकार आपले सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर. जन्म १८८२, शिक्षण मुंबईच्या जे. जे.मध्ये. चित्राचं प्रसिद्ध नाव ‘ग्लो ऑफ होप’.

समोर दिवा घेऊन उभी होती त्यांची स्वतःची लेक, गीता. दिवाळीतल्या दिव्याच्या उजेडात वडिलांना ती दिसली आणि मग चित्रासाठी तिला तासन्‌तास तसंच उभं राहावं लागलं. याच गीताताई उपळेकर २०१८ मध्ये कोल्हापुरात, वयाच्या १०२ व्या वर्षी गेल्या.

आता खरी कमाल. हे तैलचित्र नाही, जलरंग आहे! तैलरंगात काळोख आधी रंगवून त्यावर उजेड चढवता येतो. पारदर्शक जलरंगात तशी सोय नाही. सगळ्यात लखलखीत उजेड म्हणजे कोरा कागद, तो पहिल्यापासून राखून ठेवावा लागतो. एक फटकारा चुकीच्या जागी पडला की तो उजेड गेला. एवढा गडद काळोख रंगवताना हळदणकरांचा हात कुठेच चळलेला नाही. मला तरी ही मराठी जलरंगाची सर्वोच्च करामत वाटते.

बोटं लालसर का दिसतात? त्वचा आणि रक्तातून तांबडा प्रकाशच जास्त आरपार येतो. मोबाइलच्या टॉर्चवर बोट ठेवून बघा! फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूर यानेही सतराव्या शतकात मेणबत्ती धरलेल्या बाळ येशूची बोटं अशीच उजळवली. ते चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, तैलरंगातलं.

हैदराबादच्या दिलसुखनगरकरांना तर दोन्ही माध्यमं ताडून पाहता येतील. मेट्रोने एमजीबीएसला उतरलं की सालारजंग संग्रहालय जवळच, तिथे रवि वर्मांची तैलचित्रं आहेत. हळदणकरांच्या दिव्यासाठी मात्र काचीगुड्याहून म्हैसूरची गाडी पकडायची आणि जगनमोहन राजवाड्यातलं कलादालन गाठायचं.