तळणीचें खग्रास आणि सूर्याचें प्रभामंडल

अकोल्याहून अथवा बडनेऱ्याहून वर्ध्याकडे जातांना धामणगांव सोडलें कीं तळणी हें लहानसें स्टेशन लागतें. अमरावती जिल्ह्यांतील या स्टेशनावरून आमचें अनेकदां जाणें झालें, आणि शाळेंत ग्रहणाचा पाठही आम्हीं तीस वर्षें शिकविला. परंतु या दोहोंचा कांहीं संबंध आहे, हें पेन्शन घेतल्यावरच आम्हांस कळलें.

२२ जानेवारी १८९८ रोजीं तळणी येथें खग्रास सूर्यग्रहण दिसलें. तें पाहण्याकरितां वॉल्टर व ॲनी मॉण्डर हें विलायती ज्योतिषी दांपत्य तेथें मुद्दाम आलें होतें. खग्रास स्थिति टिकली ती दोनेक मिनिटें. तेवढ्यांत ॲनीबाईंनीं घेतलेल्या छायाचित्रांत प्रभामंडलाचा जो किरण उमटला, तितका लांब किरण तोंपर्यंत कोणाच्याही छायाचित्रांत आला नव्हता.

प्रभामंडल म्हणजे सूर्याचें अगदीं बाहेरचें वातावरण. चुलीपासून दूर सरावें तशी धग कमी व्हावी. परंतु येथें सारेंच उलट! सूर्यपृष्ठाचें उष्णमान सुमारें साडेपांच हजार अंश, तर या मंडलाचें दहा लक्ष अंशांहून अधिक. हें कोडें अद्याप पुरतें सुटलेलें नाहीं. शिवाय सुमारें अकरा वर्षांनीं सूर्यावरील डागांस भरती येते, आणि तेव्हां या मंडलांतून विद्युत्कणांचे प्रचंड लोट वारंवार बाहेर पडतात. १९८९ सालीं अशाच वादळानें कॅनडांतील क्वीबेक प्रांत नऊ तास अंधारांत राहिला. तेव्हां हा केवळ पंडितांचा विषय नव्हे.

ग्रहणाची वाट न पाहतां हें मंडल न्याहाळावें, म्हणून भारतानें २ सप्टेंबर २०२३ रोजीं आदित्य-एल१ हें यान सोडलें. पृथ्वीपासून सुमारें १५ लक्ष किलोमीटरांवरील त्याच्या एका यंत्रांत सूर्यबिंब झांकून जणूं कृत्रिम खग्रासच लावलें जातें. बिंबाचीं छायाचित्रें घेणारी त्यावरील दुसरी दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या पुढाकारानें घडली. अमेरिकेचें पार्कर यान तर २४ डिसेंबर २०२४ रोजीं, ऐन भरतीच्या काळांत, सूर्यपृष्ठापासून ६१ लक्ष किलोमीटरांवरून, म्हणजे त्या मंडलाच्या आंतूनच, निघून गेलें.

दोन मिनिटांच्या दर्शनासाठीं सातासमुद्रांपलीकडून माणसें आमच्या वऱ्हाडांत आलीं. आणि ग्रहणाचे वेध-मोक्ष बिनचूक सांगणाऱ्या आम्हांस, आमच्याच मुलांस तळणीचें नांव सांगणें सुचलें नाहीं. वाचकांनीं ही चूक करूं नये. त्या वाटेनें जाल तेव्हां मुलांस खिडकीपाशीं बोलवावें आणि सांगावें कीं, सूर्याकडे जाणारी एक वाट या लहानशा स्टेशनावरूनही गेली आहे.